यादविगाबाईंच्या डब्यातली पिठीसाखर

१

रविवारी दुपारी सव्वाबाराला पानी यादविगांनी निळा डबा उघडला. आत पत्र नव्हतं. तळाशी दोन चमचे पांढरी पूड होती.

"कुणी हात लावू नका," दत्तप्रसाद म्हणाला. तो एका शॉपिंग सेंटरमध्ये सिक्युरिटी गार्ड होता आणि ट्रेनिंगमध्ये त्यांना पांढऱ्या पुडीवर एक स्लाइड दाखवली होती. मग त्याने स्वतःच बोट बुडवून चाटलं. स्लाइड त्याने बहुधा पूर्ण पाहिली नव्हती.

"पिठीसाखर आहे," तो म्हणाला.

पानी म्हणजे पोलिशमध्ये बाई, मॅडम. पहिल्या आठवड्यात कुणी त्यांना हाक मारली की आमच्यातला एक जण उठून ग्लास भरून आणायचा. वय एक्याऐंशी. डोळ्यांच्या मध्यभागी डाग पडलेला, कडेकडेचं तेवढं दिसायचं, त्यामुळे माणसाकडे बघायचं असलं की त्या त्याच्या कानाकडे तोंड करायच्या. घर त्यांचं, मेलबर्नच्या पश्चिमेला, सनशाइन नावाच्या उपनगरात. जुलै चालू होता आणि सनशाइनमध्ये अकरा दिवस सूर्य दिसला नव्हता. मागच्या तीन खोल्यांत आम्ही तिघं स्टुडंट दोन वर्षं राहत होतो: मी, दत्तप्रसाद आणि चिन्मयी. साल २००८. तेव्हा पुण्यामुंबईतून जो तो ऑस्ट्रेलियात शिकायला येत होता आणि आल्यावर स्वयंपाक नाहीतर केस कापणं शिकत होता, कारण सरकारला त्याच माणसांची कमतरता होती. मी मेकॅनिकल इंजिनियर. कांदा चिरण्याचा डिप्लोमा करत होतो.

टेबलाशी पाचवा मारेक होता. पानी यादविगांचा भाचा, दोन गल्ल्या पलीकडे त्याची बेकरी. दर रविवारी तो आत्यासाठी पॉन्च्की घेऊन यायचा. आत जॅम, वर साखर भुरभुरलेले गोल वडे. त्याने डब्यात डोकावलं आणि त्याच्या भुवया खरोखर वर गेल्या. मग सावकाश खाली आल्या.

"आत्या, तू पत्राच्या डब्यात साखर ठेवलीस?"

"मी नाही ठेवली."

"मग पत्र कुठंय?"

"यात होतं. गुरुवारी पोस्टमनने हातात दिलं, मी यात ठेवलं."

मारेकने फोन काढून डब्याचा फोटो घेतला. "बुधवारी त्या बाई येतायत," तो आम्हाला हळू आवाजात म्हणाला, जणू आत्याच्या कानांतही डाग होता. "बघू त्यांना काय वाटतं."

बुधवारी सरकारकडून एक बाई येणार होत्या, पानी यादविगा स्वतःच्या घरी राहण्याइतक्या भानावर आहेत का ते तपासायला. नसल्या तर नर्सिंग होम, म्हणजे तिकडचा वृद्धाश्रम, आणि घराचं काय करायचं ते मारेक बघणार. अर्ज त्यानेच केला होता.

पानी यादविगांनी चिन्मयीच्या डाव्या कानाकडे तोंड केलं. "तू घेतलंस?"

"नाही, पानी यादविगा."

"मग माझं डोकं गेलं," त्या म्हणाल्या आणि झाकण लावलं.

२

पत्र होतं थोरल्या बहिणीचं, झोफियाचं. ती पोलंडमध्ये, एका खेड्यात. दोघींनी एकमेकींना अठ्ठावन्न वर्षं पाहिलं नव्हतं, पण दोन महिन्यांनी पत्र यायचंच. डोळे गेल्यावर ते वाचायचं कुणी हा प्रश्न आला. मारेकला पोलिश येत होतं, चर्चमधल्या बायकांना येत होतं, फादरना येत होतं. अडचण तीच होती.

"ज्याला कळतं तो ऐकतो," त्या म्हणाल्या. "मला ऐकणारा नको. वाचणारा पाहिजे."

म्हणून त्यांनी चिन्मयीला पोलिश वाचायला शिकवलं. फक्त वाचायला. अर्थ एकाही शब्दाचा सांगितला नाही.

पोलिश दिसायला भयंकर. कुणीतरी कीबोर्डवर बसून उठल्यासारखे शब्द. पण नियम इतके पक्के की ते कळले की कुठलाही शब्द बघून बरोबर म्हणता येतो. इंग्रजीसारखी फसवाफसवी नाही. पानी यादविगांनी चाळीस वर्षं शनिवारच्या पोलिश शाळेत शिकवलं होतं आणि ऑस्ट्रेलियात वाढलेल्या पोरांच्या जिभा पहिल्याच पानावर अडकताना पाहिल्या होत्या. चिन्मयी साताऱ्याची. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "म्हणजे हा नुसता सी चाकातला च, आणि सी-झेड जोडून आला की चारमधला?" त्यांनी तिला ते दोन्ही पुन्हा म्हणायला लावलं. मग तिने चिंच हा शब्द सांगितला. सुरुवातीला एक च, शेवटी दुसरा. त्या दिवशी पानी यादविगा बटाटे सोलता सोलता अर्धी दुपार चिंच, चिंच म्हणत होत्या. शेपूटवाला नाकातला स्वर तर आपला अनुस्वारच निघाला, पुढचं अक्षर बघून कधी म होणारा, कधी न.

"सगळ्या स्लाव भाषांत आवाज साधारण हेच," त्या सांगायच्या. "रशियनांनी त्यांना वेगळी अक्षरं काढली. चेक लोकांनी अक्षराच्या डोक्यावर लहान टोपी ठेवली. आम्ही शेजारी झेड उभा केला."

"गार्ड," दत्तप्रसाद म्हणाला. पोलिश भाषेबद्दल त्याला तेवढाच जिव्हाळा वाटला.

माझं नाव ओजस. त्यांच्याकडे इंग्रजी जे हे अक्षर य म्हणतात, म्हणून मी दोन वर्षं ओयास होतो.

तर पत्र आलं की ते फ्रिजवरच्या निळ्या डब्यात जायचं. रविवारी चर्चहून आल्यावर चिन्मयी ते उघडायची आणि बातम्या देणाऱ्या बाईसारखं खणखणीत वाचायची. एखाद्या वाक्याला पानी यादविगा हसायच्या, एखाद्याला डोळे पुसायच्या, आणि चिन्मयी आपण कशावर हसवलं, कशावर रडवलं याचा पत्ता नसताना पुढचं वाक्य वाचायची. वाचून झालेलं पत्र बेडरूमच्या ड्रॉवरमध्ये.

तो डबा इतर वेळी आमच्याकडेही यायचा. ख्रिसमसला आणि ईस्टरला त्यात खसखशीचा केक यायचा. दिवाळीचा चिवडा, माझ्या शंकरपाळ्या, एकदा दत्तप्रसादचा बिस्किटांचा अर्धा पुडा, असं काहीबाही घेऊन परत जायचा. डबा बिचारा सतत शिफ्टवर असायचा.

सोमवारी सकाळी मारेकने चिन्मयीला फोन केला. तिने स्पीकर लावला.

"पत्रं तू हाताळतेस," तो म्हणाला. "बुधवारपर्यंत ते मिळालं नाही तर दोनच गोष्टी असू शकतात. आत्याचं डोकं गेलंय, नाहीतर तू चोर आहेस. मी त्या बाईंना कुठली सांगू, ते तू ठरव. स्टुडंट व्हिसावर आहेस ना तू?"

३

चिन्मयी अकाउंटिंगमध्ये मास्टर्स करत होती आणि ऑडिटिंगमध्ये तिला डिस्टिंक्शन होतं. तिने वही काढली आणि आम्हाला एकेक करून किचनमध्ये बसवलं.

"गुरुवारी दुपारी पत्र ठेवलं, रविवारी डबा उघडला," ती दत्तप्रसादला म्हणाली. "मधले दिवस कुठे होतास?"

"डबल शिफ्टला. कॅमेऱ्यात आहे मी. कॅमेऱ्यात मी आहे का ते बघायचं कामही मीच करतो."

"तू साखर चाखलीस."

"चोर स्वतःच ठेवलेली साखर चाखेल का?"

"मूर्ख असला तर."

दत्तप्रसादने विचार केला. "मग मी संशयित राहतो," तो म्हणाला.

मग मी.

"शुक्रवारी?"

"बेकरीतून दोनला आलो. थकलो होतो."

"आणि?"

"आणि थकलो होतो."

तिने ते दोनदा लिहून घेतलं.

मी मारेकच्या बेकरीत काम करायचो. तेव्हाचा नियम असा की स्वयंपाकाचा डिप्लोमा करून भागत नाही, त्या धंद्यात नऊशे तास काम केल्याचं मालकाचं सर्टिफिकेट लागतं. मग पीआरला, म्हणजे इथे कायम राहायला, अर्ज करायचा. माझे आठशे साठ झाले होते. सर्टिफिकेटचा मजकूर मी टाइप करून, पाच झेरॉक्स काढून, सहीची जागा रिकामी सोडून फाइलीत लावून ठेवला होता. आमच्या घरात ओरिजिनल कागद कुणाच्या हातात देण्याआधी त्याची झेरॉक्स काढायची हा संस्कार होता. माझ्या मुंजीच्या आमंत्रणाचीसुद्धा एक आहे.

मंगळवारी सकाळी चिन्मयी मारेकला भेटायला बेकरीत गेली आणि मी पानी यादविगांसमोर बसलो. त्यांनी चहा ओतला. डबीतून साखरेचे चौकोनी खडे चाचपून माझ्या तळहातावर ठेवले.

"एक, दोन," त्या म्हणाल्या. "दिसत नसलं तरी मोजता येतात. सुटी साखर मी सोडली, अंदाज चुकतो."

मग त्या माझ्या कानाशी बोलल्या. "ओयास, मला आठवत नाही असं नाही. मला आठवतं की मी साखर ठेवली नाही. पण डोकं गेलेल्या माणसालाही असंच आठवत असेल ना?"

मी चहा ढवळला.

"हेलेना नावाची माझी मैत्रीण होती. मारेक म्हणतो त्याच नर्सिंग होममध्ये. शेवटी तिचं इंग्लिश गेलं, सगळं. पोलिश राहिलं. मी जायचे तेव्हा छान बोलायची, शाळेतल्या कविता म्हणायची. नर्सने चार्टवर लिहिलं होतं, अर्थहीन बडबड." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "माझंही इंग्लिश आधी जाईल. ते नंतर आलंय."

मी कप धुऊन ठेवला. मग आधीच धुतलेला दुसराही पुन्हा धुतला.

४

दुपारी चिन्मयी कागदाच्या पिशवीत एक पॉन्च्की घेऊन आली. तिने निळा डबा खाली घेतला, पॉन्च्कीवरची साखर चमच्याने खरवडली आणि दोन बशा दत्तप्रसादपुढे ठेवल्या.

"तुझी जीभ आधीच पुराव्यात आहे," ती म्हणाली. "सांग."

दत्तप्रसादने डोळे मिटून दोन्ही चाखल्या. "सेम. लिंबाच्या सालीचा वास आहे दोन्हींना."

"मारेक साखरेत लिंबाची साल किसून घालतो. दुकानातल्या साखरेला हा वास नसतो. आणि पानी यादविगांकडे खडे आहेत, पूड नाहीच."

"म्हणजे मारेक," दत्तप्रसाद म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

"स्वतःच साखर ठेवली, स्वतःच फोटो काढला. आत्या वेडी, घर मोकळं. केस संपली. मी झोपतो, संध्याकाळी शिफ्ट आहे."

चिन्मयीने वही मिटली नव्हती. "आत्याला वेडी ठरवायचं तर माणूस तिच्याच घरातली वस्तू वापरेल. स्वतःच्या बेकरीची सही कशाला करेल? आणि मारेक या घरात फक्त रविवारी येतो. आल्यापासून जाईपर्यंत पानी यादविगा फ्रिजला पाठ लावून बसतात. त्यांचा त्याच्यावर तेवढाच विश्वास आहे."

"मग?"

"रविवारी त्याच्या भुवया बघितल्यास? पत्र नाही हे ऐकून हलल्या नाहीत. साखर बघून हलल्या. पत्र जाणार हे त्याला माहीत होतं, साखर येणार हे माहीत नव्हतं." तिने रिकाम्या पानावर पेन ठेवलं. "सोपं बघू. पत्र चोरायला आलेला माणूस पत्र घेतो आणि जातो. डबा रिकामा राहिला तर राहिला. रिकामा डबा कुणाला चालत नाही?"

फ्रिजची मोटर सुरू झाली. बंद झाली. आम्ही तिघं तीन वेगवेगळ्या दिशांना बघत होतो. खरं सांगायचं तर त्या प्रश्नाचं उत्तर आम्हा तिघांनाही रविवारी सव्वाबारापासून माहीत होतं. दोन दिवस कुणीच बोललं नव्हतं.

५

"माझी आई शेजारणीची वाटी परत देताना काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची," दत्तप्रसाद शेवटी म्हणाला.

"माझीही."

"माझीही," मी म्हणालो. न म्हणून उपयोग नव्हता.

"साखर मारेकच्या बेकरीतली," चिन्मयी म्हणाली. "हात आपल्यापैकी एकाचा. आपल्यापैकी बेकरीत कोण काम करतं?"

ऑडिटिंगमध्ये तिला डिस्टिंक्शन का मिळालं ते मला समजलं.

झालं ते असं. शुक्रवारी मारेकने मला भट्टीमागे बोलावलं. झोफियाआत्याचं पत्र आलं असेल, म्हणाला, त्यात काहीतरी वाईट आहे, म्हातारीला सोसणार नाही. मी आधी वाचतो, तू रविवारच्या आत परत ठेव. मग जाता जाता, "तुझं सर्टिफिकेट पुढच्या महिन्यात ना?" एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. मी घरी आलो. पानी यादविगा अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मी फ्रिजवरून डबा घेतला, पत्र काढलं, आणि माझ्या हातात त्यांचा डबा रिकामा राहिला. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी बेकरीतून आणलेली पिठीसाखर माझ्या बॅगेत होती. पुढचं मी केलं नाही. हाताने केलं. झाकण लावून डबा वर ठेवला तेव्हा मला उलट बरं वाटलं होतं.

"अरे, चोरी केलीस ती केलीस," दत्तप्रसाद म्हणाला, "साखर कशाला घातलीस?"

"रिकामा कसा ठेवणार?"

यावर दोघांनीही मान डोलावली. मग आपण काय करतोय ते लक्षात येऊन थांबवली.

"पत्र कुठंय?" चिन्मयीने विचारलं.

"शनिवारी मारेकला दिलं. काल मागितलं तर म्हणाला, चुकून भट्टीत गेलं."

"संपलं म्हणजे."

"झेरॉक्स आहे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली.

"पाकीट वाफेवर धरून उघडलं. वाफ कशी धरायची ते कॉलेजने शिकवलंय. लायब्ररीत जाऊन दोन्ही पानांची काढली. ओरिजिनल हातातून जात होतं ना."

मी खोलीतून फाइल आणली. पत्र माझ्या आठशे साठ तासांच्या मागे होतं, बारावीच्या मार्कशीटच्या पुढे. चिन्मयीने अक्षरांवरून बोट फिरवलं पण ओठ हलवले नाहीत.

"मोठ्याने उद्या वाचेन. त्या बाईंसमोर," ती म्हणाली. "पण नुसत्या पत्राने भागणार नाही. साखर कुणी ठेवली ते कळलं नाही तर ती त्यांनीच ठेवली. आणि ते मी सांगून चालायचं नाही."

"मारेक सही करणार नाही मग."

"नाही करणार."

"आठशे साठ झालेत, चिन्मयी."

"चाळीस राहिले," ती म्हणाली. तिचा आकडा बरोबर होता.

६

बुधवारी आलेल्या बाईंचं नाव हेदर. त्यांनी तारीख विचारली, पंतप्रधान विचारला, शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं. पानी यादविगा एकोणऐंशीला अडखळल्या. हेदरबाईंनी टिकमार्क केला नाही. मग मारेकने फोन पुढे केला. फोटोतला डबा खऱ्याहून करुण दिसत होता.

"पत्राच्या जागी साखर," तो म्हणाला. "आणि तिला आठवत नाही."

"हा डबा तुमचा?" हेदरबाईंनी विचारलं.

"डबा माझा. साखर माझी नाही."

"बघा," मारेक म्हणाला, मऊ आवाजात.

पानी यादविगांचे हात टेबलावर होते, एकावर एक, शाळेतल्या मुलीसारखे. दत्तप्रसाद गणवेशातच आला होता आणि कुठली तरी घटना घडायची वाट बघत दारात उभा होता. चिन्मयी माझ्याकडे बघत नव्हती. तिने बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"साखर मी घातली," मी म्हणालो.

हेदरबाईंना समजावून द्यायला अकरा मिनिटं लागली. त्यांनी तीनदा थांबवलं.

"म्हणजे तू पत्र चोरलंस," त्या शेवटी म्हणाल्या, "आणि थँक यू म्हणून साखर ठेवलीस."

"थँक यू म्हणून नाही. दुसऱ्याचा डबा रिकामा देत नाहीत म्हणून."

"चोरी करतानाही?"

"हो."

त्यांनी काहीतरी लिहिलं. अकरा मिनिटांचा सारांश दीड ओळीत बसला.

"हा चोर आहे," मारेक म्हणाला. "स्वतःच्या तोंडाने सांगतोय. उद्यापासून कामावर येऊ नकोस."

"पत्र कुणासाठी चोरलं तेही सांगितलं त्याने," हेदरबाई म्हणाल्या. "पत्रात काय होतं?"

"ते आम्हाला कुणालाच माहीत नाही," चिन्मयी म्हणाली आणि झेरॉक्स उघडून उभी राहिली. "मी वाचते."

तिने वाचायला सुरुवात केली. शिट्ट्या मारणारे श, दातांत अडवलेले च, नाकातून निसटणारे स्वर, सगळं स्वच्छ. खोलीत त्याचा अर्थ दोनच माणसांना कळत होता, म्हणून आम्ही बाकीचे त्या दोन चेहऱ्यांकडे बघत राहिलो. पहिल्या पानावर पानी यादविगांच्या ओठाचा एक कोपरा हलला. पान उलटलं. चौथ्या-पाचव्या ओळीला मारेक अर्धवट उठला आणि पोलिशमध्ये एकच शब्द बोलला. पानी यादविगांनी त्याच्याकडे न बघता हात वर केला. तो बसला. चिन्मयीला काय चाललंय ते कळत नव्हतं, त्यामुळे तिचा आवाज जराही हलला नाही. शेवटची ओळ पानी यादविगांनी पुन्हा वाचायला लावली.

मग त्यांनी हेदरबाईंच्या कानाकडे तोंड केलं आणि अख्खं पत्र इंग्लिशमध्ये सांगितलं. पहिल्या ओळीपासून, क्रमाने. जूनमध्ये गारपीट झाली. गुडघ्याला सूज आहे. चार कोंबड्या कोल्ह्याने नेल्या, पाचवी परत आली. मग दुसरं पान.

"मारेकने मला एक कागद पाठवला. तू लहानपणापासून डोक्याने कमी होतीस असं त्यात लिहिलं होतं. तुझी नीट सोय लागेल म्हणाला, मी सही केली. तेव्हापासून मला झोप नाही. शाळेत तू माझ्या पुढे होतीस, माझ्या वहीतल्या चुका तू काढायचीस. मला माफ कर. हे पत्र कुणाला तरी सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लाव. मला परवा हॉस्पिटलात नेणार आहेत. लवकर उत्तर दे."

हेदरबाईंनी त्यांच्या फाइलीतून एक कागद काढला, खालची सही बघितली आणि तो पालथा ठेवला.

"दोन पानं," त्या म्हणाल्या. "एकदा ऐकून. मी सकाळी काय खाल्लं ते मला आठवत नाहीये."

पानी यादविगांनी झेरॉक्सकडे हात केला. चिन्मयीने ती त्यांच्या हातात दिली.

"झोफियाचं स्पेलिंग फार वाईट," त्या म्हणाल्या, आमच्यापैकी कुणाच्याच कानाकडे न बघता. "आमच्याकडे काही आवाजांना दोन दोन अक्षरं आहेत, ती नेमकी तिथे चुकते. मोठ्याने वाचलं की त्या चुका ऐकू येत नाहीत. डोळे गेल्यापासून ती मला बिनचूक लिहिते."

७

पानी यादविगा घरीच राहणार असा रिपोर्ट आला. मारेकने पॉन्च्की आणणं बंद केलं.

पोलंडला फोन गुरुवारीच लावला होता. शेजारणीने उचलला. झोफिया पत्र पोस्टात पडल्यावर सहा दिवसांनी गेली होती. पत्र वाटेत असताना, डब्यात असताना, माझ्या फाइलीत असताना उत्तर घ्यायला तिकडे कुणी नव्हतंच. तो फोन चिन्मयीला वाचून दाखवावा लागला नाही.

पानी यादविगांनी पोलिसांना बोलावलं नाही. मला बोलावलं.

"ओयास, तू वाईट मुलगा नाहीस," त्या म्हणाल्या. "पण माझ्या घरात नको."

मी जवळच्या फुट्सक्रे उपनगरात सहा जणांच्या खोलीत गेलो. माझे तास आठशे साठवर थांबले. दुसऱ्या बेकरीत पुन्हा एकपासून सुरुवात केली, नऊशे पुरे केले, सर्टिफिकेट मिळालं, आणि २०१० मध्ये सरकारने स्वयंपाक्यांना यादीतूनच काढून टाकलं. तोपर्यंत माझा कांदा उत्तम चिरला जात होता.

पण ते नंतरचं. सनशाइन सोडलं त्या सकाळी पानी यादविगांनी निळा डबा माझ्या बॅगेवर ठेवला. आत खसखशीचा केक होता.

"दोन वर्षं मला वाटायचं, माझा केक तुम्हाला आवडत नाही, म्हणून तुम्ही तुमचं काहीतरी भरून परत करता," त्या म्हणाल्या. "चिन्मयीने आता सांगितलं. डबा परत आण."

केक सहा जणांत दुसऱ्या दिवशी संपला. डबा फ्रिजवर राहिला. मी तीनदा शंकरपाळ्या केल्या आणि तिन्ही वेळा आम्हीच खाल्ल्या. पत्राच्या जागी काय घालतात ते माझ्या आईने मला शिकवलं नव्हतं.

नोव्हेंबरात एका दुपारी मी इंडियन दुकानातून अर्धा किलो चिंच घेतली, डब्यात दाबून भरली आणि ट्रेनने सनशाइनला गेलो. त्यांनी दार साखळी लावूनच उघडलं, मग साखळी काढली. डबा हातात घेतला, झाकण उघडलं, वास घेतला, बोटाने चाचपलं.

"हे काय?"

"चिंच," मी म्हणालो. दोन्ही च जमले होते.

त्यांचे ओठ हलले, आवाज न करता, एकदा. मग त्या डबा घेऊन आत गेल्या. मला आत या म्हणाल्या नाहीत. मी पायरीवर उभा राहिलो. आत नळाचं पाणी वाहिलं, एक कपाट उघडलं, मिटलं. त्यांनी धुऊन पुसलेला डबा आणून माझ्या हातात दिला आणि दार लावून घेतलं.

हलका होता. स्टेशनपर्यंत मी तो उघडला नाही. रिकामा असला तर त्याचा अर्थ मला समजला असता. प्लॅटफॉर्मवर बसून मी तो कानाशी धरला आणि हळूच हलवला.

एक. दोन.